वैरागची दिवाळी

बार्शीहून सोलापूरकडे निघालेल्या एस.टी.तून वैरागला उतरलो, तेव्हा काळ्या रानात रब्बी ज्वारीची कोवळी पाती डुलत होती. दिवाळीला मावशीकडे आलो होतो.

मावशीचे शेजारच्या वहिनींशी सात वर्षे बोलणे नव्हते. कारण काय, तर सामाईक भिंतीवर पडणारे पन्हाळीचे पाणी! दोघींच्या उंबऱ्यांमध्ये एक बेवारशी कुत्रा पडून असे. मावशी त्याला 'मोत्या' म्हणे, वहिनी 'वाघ्या'. दोन्ही नावांना तो सारख्याच इमानाने शेपूट हलवी.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना भिऊन तो नाहीसा झाला. पहाटे मावशी बॅटरी घेऊन निघाली. मीही मागोमाग गेलो. पाहतो तो, वेशीपाशी वहिनी हाका मारीत उभ्या! अखेर कडब्याच्या गंजीआड तो कुडकुडत बसलेला सापडला.

"वहिनी, पायाला लागलंय का हो त्याच्या?" मावशीने विचारले. सात वर्षांतले हे पहिले वाक्य.

"नाही हो, नुसता भ्यालाय," वहिनी म्हणाल्या.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांचे पंढरपूर याच जिल्ह्यातले.

पन्हाळीचा तंटा अजून मिटलेला नाही. पण भाऊबिजेला वहिनींकडून चकल्यांचे ताट आले, आणि ताटामागोमाग मोत्याही!