दागिना उलटा करून पाहावा

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहे. भुयारी रेल्वेच्या स्टेशनातून थेट म्युझियमपर्यंत पायी जाण्याचा बोगदा आहे, त्यामुळे पावसातही छत्री उघडावी लागत नाही. आत जायला तिकीट नाही. माझी धाकटी बहीण इलफर्डला राहते. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेले तेव्हा ती म्हणाली, "आपा, लंडन आय सगळेच बघतात. तू जेवर बघायला चल." आणि ती मला इथल्या दागिन्यांच्या दालनात घेऊन गेली.

दालनात अंधार आणि कपाटांत उजेड. तीन हजारांहून अधिक दागिने, गोल जिन्याने वर गेले की आणखी. सगळे एका फेरीत पाहायचे म्हटले तर काहीच लक्षात राहत नाही. म्हणून आम्ही एकच काळ निवडला. इंग्रज त्याला जॉर्जियन म्हणतात, कारण १७१४ ते १८३० पर्यंत ओळीने चार जॉर्ज राजे झाले. त्यांच्यामागून आलेल्या चौथ्या विल्यमची १८३७ पर्यंतची कारकीर्दही यातच धरतात. या काळाच्या पोटात रीजन्सीची नऊ वर्षे येतात, १८११ ते १८२०. तिसरा जॉर्ज आजाराने राज्यकारभार पाहू शकत नव्हता, म्हणून युवराज रीजंट, म्हणजे कारभारी झाला.

मुलांना शिकवताना मी नेहमी आपली तारीख शेजारी मांडते. बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले १७१३ साली आणि पेशवाई बुडाली १८१८ साली. म्हणजे हे दागिने लंडनमध्ये घडत होते तेव्हा पुण्यात जवळजवळ नेमकी पेशवाईच चालू होती. हैदराबादेत निजाम होते, श्रीरंगपट्टणला हैदर अली आणि टिपू सुलतान. हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या दागिन्यांची पहिली ओळख म्हणजे ते मेणबत्तीच्या उजेडासाठी घडवलेले आहेत. विजेच्या दिव्यात हिरा लखलखतो, पण मेणबत्तीचा उजेड थोडा आणि हलता. त्या उजेडाचा एकही किरण वाया जाऊ नये म्हणून सोनार खड्याच्या मागे चमकदार पातळ पत्रा ठेवी आणि कोंदण मागून पूर्ण बंद करी. आपल्याकडे कुंदनचे काम पाहिलेल्या बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही. आपले कारागीरही खड्याखाली डांक घालतात. फरक इतकाच की आपल्याकडे कुंदनच्या हाराची पाठ मीनाकारीने सजवतात, तर इंग्रजी दागिन्याची पाठ साधी, गुळगुळीत नाहीतर बारीक चुण्यांची असते. माणिक फिके असेल तर खाली लालसर पत्रा, पुष्कराज फिका असेल तर गुलाबी. ही फसवणूक मानली जात नसे. घेणाऱ्यालाही ते ठाऊक असे.

अडचण अशी की म्युझियममध्ये दागिना काचेआड असतो. तोंड दिसते, पाठ दिसत नाही. पाठ पाहायची तर बाजारात जावे लागते. पोर्टोबेलो रोडवर शनिवारी जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. तिथे एका वयस्क दुकानदारीणबाईंनी, आम्ही काही घेणार नाही हे आधीच सांगूनही, अर्धा तास आम्हाला शिकवले. माझ्या हातात एक ब्रोच दिला. मी तो निरखू लागले तर म्हणाल्या, "आधी उलटा करा. समोरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते, मागची सोनारासाठी."

त्यांनी सांगितलेले आणि म्युझियममध्ये वाचलेले एकत्र करून काही खुणा इथे देते.

हिरे बहुधा चांदीत बसवलेले असत, कारण सोन्याची पिवळी छटा हिऱ्यात उतरते. रंगीत खडे सोन्यात. चांदी काळी पडून कपड्याला डाग लागू नये म्हणून पुढे पुढे मागच्या बाजूला सोने जोडू लागले. प्लॅटिनम दिसले तर तो दागिना बहुधा विसाव्या शतकातला, किंवा निदान त्याचा तो भाग तरी.

हिऱ्यांचे पैलू हाताने पाडलेले, म्हणून दोन हिरे अगदी सारखे नसतात. काही हिरे तळाशी सपाट आणि वर कळीसारखे, त्याला रोज कट म्हणतात. काही चौकोनाकडे झुकणारे आणि जाड. हारातले सगळे हिरे तंतोतंत एकसारखे, गोल आणि झगझगीत असतील तर शंका घ्यावी.

हॉलमार्क नसला म्हणजे दागिना खोटा, हा आपला आजचा हिशेब इथे चालत नाही. त्या काळच्या बहुतेक इंग्रजी दागिन्यांवर शिक्काच नाही. उलट शिक्काच कधीकधी पकडून देतो. इंग्लंडमध्ये १८ कॅरेटला कायद्याने मान्यता मिळाली १७९८ साली, ९ आणि १५ कॅरेटला १८५४ साली. तेव्हा १५ कॅरेटचा ब्रिटिश शिक्का असलेला दागिना कुणी जॉर्जियन म्हणून विकत असेल तर त्याला सलाम करून पुढे जावे.

शेवटची खूण दुरुस्तीची. मागे करड्या कथिलाची झाळ दिसली, ब्रोचला नव्या पद्धतीचा फासा दिसला, कानातल्याचा आकडा बाकी धातूपेक्षा नवा दिसला, तर समजावे की कुणीतरी तो जोडला आहे. दोनशे वर्षे वापरलेली वस्तू दुरुस्त होणारच. पण विकणाऱ्याने ते सांगायला हवे. आणि हो, असा बंद कोंदणाचा दागिना पाण्यात बुडवून धुवायचा नाही. पाणी आत शिरले की पत्रा काळवंडतो आणि खडा कायमचा मरतो. घरातल्या कुंदनलाही हाच नियम.

या बाजारात मला सर्वांत नवल वाटले ते काचेचे. अठराव्या शतकात शिसे घातलेल्या काचेला हिऱ्यासारखे पैलू पाडून दागिन्यात बसवत. त्याला पेस्ट म्हणतात. पॅरिसचा सराफ जॉर्ज फ्रेदेरिक स्त्रास यात इतका नावाजला की १७३४ साली त्याला राजाचा जवाहिऱ्या नेमले. लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटवरच्या ख्रिस्तोफर पिंचबेक या घड्याळजीने तांबे आणि जस्त मिसळून सोन्यासारखा धातू काढला. त्याचे नावच त्या धातूला पडले. मोठ्या घरच्या स्त्रियाही पेस्ट घालत. वाटेवर लुटारूंची भीती असे, प्रवासात काच बरी.

आता गंमत पाहा. खऱ्या हिऱ्यांचे त्या काळचे दागिने फार थोडे उरले आहेत, कारण फॅशन बदलली की हिरे काढून नव्या घडणीत बसवत आणि चांदी-सोने आटवत. काचेचे खडे काढून कुणाला काय मिळणार? म्हणून ते जसेच्या तसे राहिले. अठराव्या शतकातला कारागीर काय घडवत होता हे आज बरेचसे त्या काचेवरूनच कळते. ज्याची किंमत होती ते मोडले, ज्याची नव्हती ते टिकले.

दुसरी टिकलेली गोष्ट म्हणजे आठवणीचे दागिने. घरात मयत झाली की नातलगांना अंगठ्या वाटण्याची रीत होती. अंगठीवर काळ्या मिन्यात मृत व्यक्तीचे नाव, वय, तारीख. पांढरा मिना असेल तर बहुधा मूल किंवा अविवाहित व्यक्ती. काही अंगठ्यांत काचेखाली केसांची बट विणून ठेवलेली. आपल्याकडे ही रीत नाही, पण पांढऱ्या मिन्यातले चार-पाच वर्षांचे वय वाचताना कुठल्याही आईचे मन हलते. प्रेमाच्या अंगठ्याही होत्या. एकीत सहा वेगवेगळे खडे ओळीने बसवलेले: रूबी, एमरल्ड, गार्नेट, अ‍ॅमेथिस्ट, पुन्हा रूबी आणि डायमंड. इंग्रजी नावांची आद्याक्षरे जोडली की "रिगार्ड" शब्द होतो, म्हणजे आदर, जिव्हाळा. उर्दू शायरीतही ओळींच्या पहिल्या अक्षरांत नाव गुंफतात. इथे तेच काम खड्यांनी केले.

आणि हे खडे आले कुठून? ब्राझीलमध्ये हिरे सापडले १७२० च्या दशकात. त्याआधी युरोपात पोहोचणारे हिरे जवळजवळ सगळे हिंदुस्थानचे, त्यातही गोवळकोंड्याच्या मुलखातले. मद्रासचा गव्हर्नर थॉमस पिट याने असाच एक मोठा हिरा विकत घेतला, लंडनमध्ये पैलू पाडून घेतले आणि १७१७ साली फ्रान्सच्या रीजंटला विकला. आज तो पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. अर्काटचे नवाब मुहम्मद अली वालाजाह यांनी १७७७ साली राणी शार्लटला हिरे भेट दिले. भेट हा शब्द नीट वाचावा. ते नवाब कंपनीच्या लोकांच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले होते. राणीनंतर ते हिरे घराण्याबाहेर गेले आणि त्यातले मोठे हिरे १८३७ साली वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने लिलावात घेतले. टिपू सुलतान यांच्या खजिन्याला तर भेटीचे नावही नव्हते. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि लूट वाटून घेतली गेली. त्यांच्या सिंहासनावरचा रत्नजडित हुमा पक्षी आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. सिंहासनाच्या वाघमुखांपैकी एक वेल्समधल्या पोविस कॅसलमध्ये आहे. आणि टिपूंचा तो प्रसिद्ध लाकडी वाघ याच म्युझियममध्ये. वरून खाली येताना आम्ही दोघी बहिणी तिथे बराच वेळ गप्प उभ्या होतो. दागिन्याची पाठ पाहायची म्हणजे फक्त कोंदण पाहायचे नाही.

शेवटी एक दिवस आम्ही चॉटनला गेलो. वॉटर्लू स्टेशनवरून आल्टनला गाडी जाते, तिथून हे गाव जवळच आहे. रीजन्सी काळातली कादंबरीकार जेन ऑस्टेन १८०९ ते १८१७ या घरात राहिली. आता तिथे तिचे संग्रहालय आहे. विटांचे साधे घर, खिडकीपाशी तिचे लहानसे लिहायचे मेज. राण्यांचे दागिने पाहून आल्यावर इथले दागिने डोळ्यांत भरतही नाहीत. पुष्कराजाचे दोन क्रॉस आहेत. नौदलातला तिचा भाऊ चार्ल्स याने १८०१ साली लढाईतल्या बक्षिसाच्या पैशातून दोघी बहिणींसाठी घेतले. आपल्याकडे आखातात गेलेला भाऊ पहिल्या कमाईतून बहिणींना काहीतरी आणतो, तसेच. दोन बहिणी, दोन क्रॉस, पण घडण थोडी वेगळी.

शेजारी एक सोन्याची अंगठी, मधे एकच निळा फिरोजा. बाजारात वजनावर विकली तर काही फार येणार नाही. ती २०१२ साली लिलावात निघाली आणि अमेरिकन गायिका केली क्लार्कसन हिने ती दीड लाख पौंडांहून अधिक देऊन घेतली. ब्रिटिश सरकारने अंगठी देशाबाहेर नेण्यास तात्पुरती मनाई केली, लोकांनी वर्गणी दिली आणि पुढच्या वर्षी या संग्रहालयाने ती विकत घेतली. इतके मोल कशाने आले? अंगठीबरोबर एक चिठ्ठी होती. जेनच्या भावजयीने १८६३ साली आपल्या पुतणीला लिहिलेली. त्यात एवढेच की ही अंगठी तुझ्या जेन आत्याची, ती कुणाकडून कुणाकडे आली आणि आता तुला देत आहे. ती चिठ्ठी नसती तर ही निळ्या खड्याची एक जुनी अंगठी होती, बस.

आपल्या घरांत लेकीचे लग्न ठरले की कपाट उघडते. नानीचा गुलुबंद, दादीचे झुमके, फुफूची चंपाकळी बाहेर निघते आणि सोनाराच्या तराजूवर जाते. गरजेपायी आटवावे लागले तर त्यात कमीपणा नाही. सोने अडीअडचणीला कामी यावे म्हणूनच आपल्या आयांनी ते जपले. पण फक्त घडण जुनी झाली म्हणून आटवायचे असेल तर एक दिवस थांबावे. दागिना उलटा करून उजेडात धरावा. मागे कारागिराची काही खूण, मिना, जुनी झाळ, खड्याखाली डांक आहे का ते पाहावे. सोनार वजनात खडे आणि लाख वजा करतो, घडणीचे मोल धरत नाही. म्हणून जुन्या कामाची जाण असलेल्या दुसऱ्या एखाद्याला दाखवावा. दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत.

आणि घरात अजून कुणी वडीलधारी बाई हयात असेल तर आजच तिच्याजवळ बसून विचारावे: हे कुणाचे, कुणी घडवले, कुठल्या लग्नात कुणी घातले? उत्तर मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण तारीख घालून एका कागदावर लिहा आणि तो कागद त्याच डबीत ठेवा. आटवलेले सोने पुन्हा घडवता येते. न लिहिलेली गोष्ट सांगणारी बाई एकदा गेली की कोणत्याही सोनाराकडे तिचा उपाय नाही.