शिरा हिरव्या, पान पिवळं

अनंताचं पान पिवळं पडलं की जो तो वेगळं कारण सांगतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, पाणी जास्त होतंय. रोपवाटिकेतले दादा म्हणाले, खत कमी पडतंय. सासूबाईंचं म्हणणं, ऊन सोसत नाही, कुंडी सावलीत घे. पुण्यात गच्चीवर आयुष्यातलं पहिलंच झाड लावणाऱ्या बाईनं यातलं कुणाचं ऐकावं? शेणखत घातलं, पाणी बेतानं दिलं, कुंडीला दुपारची सावली केली. नवं पान आलं ते पुन्हा पिवळंच.

सावंतवाडीला माझ्या मावशीच्या न्हाणीघरामागे हाच अनंत बेफाम वाढलाय. त्याला कुणी खत घालत नाही की त्याच्याकडे कुणी बघत नाही. मग माझ्याच झाडाला काय कमी? हा अनंतच आहे ना, अशीही शंका आली. डबल तगरीची फुलं लांबून तशीच दिसतात. मावशीनं फोनवर खूण सांगितली, "पान खुडून बघ. तगर असली तर पांढरा चीक येईल." चीक आला नाही. अनंतच होता.

मग तिच्या मुलानं फोन घेतला. तो दापोलीला शेती शिकलाय. त्यानं विचारलं, "पिवळी कुठली पडतात गं ताई, खालची जुनी की शेंड्याची कोवळी?" हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं. शेंड्याचं पान उजेडात धरलं. मधली शीर हिरवी, तिच्यातून फुटलेल्या बारीक शिराही हिरव्या आणि मधली सगळी जागा लिंबासारखी पिवळी. जुनी पानं मात्र हिरवीगार.

"नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात. कोवळी अशी झाली तर लोह मिळत नाहीये," तो म्हणाला. मातीत लोह आहे, पण सामू (पीएच) वाढला की ते विरघळत नाही आणि मुळांना घेता येत नाही. अनंत मूळचा चीन-जपानकडचा, कॉफीच्या कुळातला. त्याला 5 ते 6.5 सामूची आम्लधर्मी माती मानवते. कोकणातली जांभ्याची माती तशीच. माझ्या कुंडीत देशावरची काळी माती आणि वर बोअरचं जड पाणी. कुंडीच्या काठावर साचलेला पांढरा थर मी रोज पाहत होते. तो त्याच पाण्यातल्या क्षारांचा होता. झाड उपाशी होतं, आणि तेही भरल्या कुंडीत! मला याचं खरंच वाईट वाटलं.

आता कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं खत मिसळून माती बदलली आहे. गच्चीवर पिंप ठेवून पावसाचं पाणी धरलंय, तेच घालते. चिलेटेड लोह अगदी पातळ करून संध्याकाळी पानांवर फवारलं. नुसतं हिराकस मातीत टाकलं तर त्यातलं लोहही लवकरच अडकून बसतं, म्हणून ते टाळलं.

नवी पानं हिरवी येताहेत. एक कळीही धरली आहे: हिरवट, टोकदार, पाकळ्या पिळून बसलेल्या. कळ्या असताना कुंडी हलवली किंवा पाण्यात खाडा झाला तर त्या गळतात, असं मावशीनं बजावलंय. त्यामुळे सासूबाईंच्या सांगण्यावरूनही मी आता कुंडी हलवत नाही. पिवळी पानं खुडावीत की राहू द्यावीत यावर मायलेकांचं एकमत नाही. मी तूर्त राहू दिली आहेत.