कच्चे लिंबू

लहानपणी ज्या गोष्टी आपणांस फुकट मिळत असतात, त्यांनाच पुढे मोठी किंमत येते, असा जगाचा नियम दिसतो. विहिरीचे पाणी, अंगणातली हवा, आजीची गोष्ट यांची ही गत झालीच आहे. परंतु खेळावयास भिडू मिळवणे हाही एक दिवस पैशाचा आणि चिंतेचा विषय होईल, असे मला कधी वाटले नव्हते. न्यू जर्सीत अध्यापन करण्यात माझी बरीच वर्षे गेली. चाळिशी उलटल्यावर झालेली माझी मुलगी आज बारा वर्षांची आहे, आणि तिच्यासाठी फुटबॉलचा क्लब निवडण्याचा प्रश्न गेल्या हंगामाच्या अखेरीस आमच्या घरात असा काही उपस्थित झाला की, त्यापुढे तिच्या शाळेची निवड अगदीच किरकोळ वाटावी.

अमेरिकेत 'फुटबॉल' म्हटले की भलताच खेळ समजतात. आपल्या फुटबॉलला येथे 'सॉकर' म्हणावयाचे. मुलांनी तो खेळावयाच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत नाव घातले की खेळावयास मिळते. १९६४ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या एका संस्थेने तर 'प्रत्येकजण खेळेल' हे आपले ब्रीदच केले आहे. दुसरी तऱ्हा चढाओढीच्या क्लबांची. तेथे पाठीवर क्रमांक लावून मुलींनी धावावयाचे, हातात फळी घेतलेल्या माणसांनी काहीतरी टिपून घ्यावयाचे, आणि मग आईबापांनी पत्राची वाट पाहावयाची. फी वर्षाला काही हजार डॉलर; शिवाय शनिवार-रविवार मोटारीत. या क्लबांच्या नावांत 'प्रीमियर', 'एलीट', 'सिलेक्ट' असे एखादे विशेषण बहुधा असतेच. सगळेच जर निवडक, तर साधारण मंडळी गेली कोठे, असा प्रश्न मला पडला. परंतु अर्ज भरण्याच्या गडबडीत तो विचारावयास कोणाला सवड नव्हती.

मुलीला दोन ठिकाणांहून बोलावणे आले. पहिला क्लब नामांकित, घरापासून तासाभराच्या अंतरावर. तेथील प्रशिक्षकांनी मोकळेपणाने सांगितले की, संघात अठरा मुली असतील आणि तुमची मुलगी यादीच्या तळाशी राहील; वर चढणे तिच्या हाती. दोन दिवसांत होकार आणि आगाऊ रक्कम पाठवावी. दुसरा क्लब शेजारच्या गावचा. प्रशिक्षक एक शाळामास्तरीण, संघ सामान्य, आणि मैदान एका बाजूला उतरते.

नामांकित क्लबाचे नाव ऐकून आईबापांच्या छातीत धडधड का होते, हे या देशाचा अलीकडचा इतिहास पाहिल्याखेरीज कळावयाचे नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेद करता येणार नाही, असा कायदा १९७२ साली झाला आणि महाविद्यालयांना मुलींचे संघ उभारणे भाग पडले. त्याची फळे दिसावयास पाव शतक लागले. १० जुलै १९९९ रोजी पासाडिनाच्या रोझ बोल मैदानावर अमेरिका आणि चीन यांच्या मुलींचा विश्वचषकाचा अंतिम सामना पाहावयास ९०,१८५ माणसे लोटली होती. माझ्या पिढीतल्या ज्या मुलींना आपल्याकडे परकर आवरून धावल्याबद्दल बोलणी बसत, त्यांना हे दृश्य पुराणातल्यासारखे वाटले असते. तेव्हा एका हिंदी बापाला आपली मुलगी अशा मैदानावर दिसू लागली, तर त्यात नवल ते काय?

पण या स्वप्नाच्या पोटात एक हिशेबही दडलेला असतो, तो म्हणजे शिष्यवृत्तीचा. त्याचे गणित मी मांडून पाहिले. कित्येक वर्षे नियम असा होता की, पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठाने मुलींच्या सॉकर संघासाठी फार तर चौदा पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम द्यावी; आणि ती पंचवीस-तीस मुलींत वाटली जाई. म्हणजे निवड झालेल्या मुलींतही पुष्कळींच्या वाट्याला तुकडाच येणार. तेवढ्यासाठी सात-आठ वर्षे क्लबाची फी भरणारा बाप तीच रक्कम पेढीत ठेवता, तर अधिक शहाणा ठरता.

निवडीचा आधार तरी कितपत पक्का असतो? २०१७ पासून येथे मुलांचे गट जन्माच्या इंग्रजी वर्षाप्रमाणे पडत; बड्या संस्थांनी २०२६-२७ च्या हंगामापासून १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे वर्ष धरण्याचे ठरवले. माझ्या मुलीचा जन्म नोव्हेंबरातला. जुन्या नियमाने ती आपल्या गटात लहानांत मोडे, आणि जानेवारीत जन्मलेल्या धिप्पाड मुली तिला सहज बाजूला सारीत. नव्या नियमाने ती मोठ्यांत जाते. मुलगी तीच, पाय तेच; केवळ पंचांग बदलल्याने तिचे गुण वाढावेत, ही गोष्ट फलज्योतिषालाही लाजवील. बाराव्या वर्षी आपण ज्याला गुणवत्ता म्हणतो, तिच्यात उंचीचा आणि जन्मतिथीचा वाटा किती, हे सांगणे कठीण आहे.

नॉर्वेत १९८७ पासून मुलांच्या खेळासंबंधी काही नियम आहेत. लहान मुलांच्या सामन्यांचे गुणतक्ते लावावयाचे नाहीत आणि तेरा वर्षांखाली राष्ट्रीय अजिंक्यपदाची गोष्ट काढावयाची नाही, असा त्यांचा इत्यर्थ. अशाने मुले मऊ पडतील, असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, जगातील श्रेष्ठ स्त्री-खेळाडूसाठी ठेवलेला 'बॅलन डी'ऑर' हा मान २०१८ साली पहिल्यांदा देण्यात आला, तेव्हा तो नॉर्वेच्याच आडा हेगरबर्गने मिळवला.

आमच्या घरात मात्र नॉर्वेचे कायदे चालत नाहीत. माझी पत्नी म्हणाली, "अहो, उत्तम मुलींच्या संगतीत शेवटची असणं हेही शिक्षणच आहे. तुम्हीच ना विद्यार्थ्यांना सांगता, की जिथं आपण सर्वांत अडाणी ठरू, तिथंच शिकायला जावं?" हा बाण वर्मी लागला, कारण हे वाक्य खरोखरच माझे आहे. त्याला उत्तर शोधण्यात माझी एक रात्र गेली. उत्तर सापडले ते असे : वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाला पहिल्या बाकावरचेच व्याख्यान ऐकू येते, मैदानाबाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलीला मात्र तो खेळ मिळत नाही. अठरांतील अकरा आत आणि सात बाहेर. पाहून थोडेफार शिकता येते, हे कबूल. पण चेंडू पायाशी आला असता उजवीकडे द्यावा की डावीकडे, हा निर्णय दुसरीच्या पायांनी कधी घेता येत नाही.

त्या रात्री मला आमच्या वाड्याचा चौक आठवला. लंगडी असो, आट्यापाट्या असोत, दोघे राजे आळीपाळीने भिडू उचलीत आणि अखेरीस कोणाचा तरी धाकटा भाऊ उरे. 'त्याला घेऊन खेळा' असे आईने बजावलेले असे. म्हणून त्याला 'कच्चे लिंबू' करून घेत. तो पकडला गेला तरी बाद होत नसे. त्याने गडी मारला तरी तो हिशेबात धरला जात नसे. पण तो धावत असे. पुढे एखाद्या सुट्टीत, कोणी ठराव न करता, तो पक्का भिडू होऊन जाई. तो कधी पिकला हे कोणालाच सांगता येत नसे. या क्लबातल्या अठराव्या मुलीची स्थिती याच्या नेमकी उलट. तिचा गणवेश पक्का, क्रमांक पक्का, फीसुद्धा पक्क्या भिडूइतकीच; तिला काय ते फक्त धावावयास मिळत नाही.

मुलीचे मत आम्ही अखेरीस विचारले. माझ्यापाशी प्रश्नांची यादी होती : प्रशिक्षकाचे शिक्षण, सामन्यांची संख्या, प्रवासाचे तास, शिवाय मुलींच्या गुडघ्यांचे अस्थिबंध मुलांच्या मानाने अधिक दुखावतात, तेव्हा खेळापूर्वीचे व्यायाम नीट करून घेतात की नाही. तिने यादी शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "बाबा, तिथल्या मुली सामना संपल्यावर एकमेकींशी बोलत नाहीत. आपापल्या गाडीत जाऊन बसतात. मी पाहिलंय." सर्व मैदाने मी हिंडलो होतो, पण सामना संपल्यावर मी घड्याळाकडे पाहत होतो, आणि ती मुलींकडे.

शेजारच्या गावच्या क्लबाला आम्ही होकार कळवला. यात काही गमावले नाही, असे मी म्हणणार नाही. त्या नामांकित संघात तिचा पाय अधिक सफाईदार झाला असता, कदाचित ती यादीत वरही चढली असती. आणि ते दार आता पुन्हा उघडेल असे नाही. उत्तम खेळाला उत्तम प्रतिस्पर्धी लागतोच, आणि ज्या मुलीला त्याची भूक आहे तिने लांबचा रस्ता खुशाल धरावा. पण ती भूक मुलीची असावी, बापाची असू नये. तिचा संघ बहुतेक रविवारी हरतो. हरल्यावर त्या मुली गवतावर बसून संत्री खातात, कोणाची चूक झाली यावर हसतात, आणि मंगळवारी सरावाला वेळेआधी हजर होतात. आम्ही पालक मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या मांडून बसतो. आणि उतारावरून चेंडू वारंवार आमच्याकडे घरंगळत येतो, तो उचलून परत आत टाकतो.