टायरमधली माती

न्हावरे, ता. शिरूर

चि. भाच्यास,


दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू आमचं रान रोटाव्हेटरने करून गेलास. काम चोख झालं, माती सगळीकडे सारखी भुसभुशीत झाली. तू गेल्यावर मी बांधाने चक्कर मारली, तर रानाच्या तोंडाला पाच-सहा काळी ढेकळं पडलेली. आमचं रान मुरमाड, तांबूस. असली काळीभोर चिकट माती इथे शोधूनही सापडायची नाही. ढेकळांवर टायरच्या नक्षीचा ठसा जसाच्या तसा होता. आदल्या दिवशी तू पारगावात भीमेकाठी उसाचा खोडवा मोडलास, तिथली ती माती. मी ती घमेल्यात भरून गोठ्याच्या कडेला ठेवली आणि रोज थोडं पाणी शिंपडत गेलो. बाराव्या दिवशी तीन कोंब वर आले, सुईसारखे टोकदार, चकचकीत हिरवे. लव्हाळा.

फोनवर सांगितलं असतं तर तू ‘हो मामा’ म्हणून पुढच्या कामाला लागला असतास, म्हणून लिहितो आहे.

मी भाड्याने ट्रॅक्टर चालवायचो तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली होती, ती तुझ्या आईलाही कधी सांगितली नाही. कॅनॉलकाठचं एक रान केलं, सगळं लव्हाळ्याने भरलेलं. संध्याकाळ झाली होती, आणि एका बाईंना त्यांच्या कांद्याचं रान करून देतो असा शब्द दिलेला. मी तसाच गेलो. चाकं चिखलाने भरलेली, रोटाव्हेटरच्या पात्यांना मुळं गुंडाळलेली. त्यांच्या रानात जिथे मी पहिल्यांदा रोटाव्हेटर खाली टेकवला, नेमक्या त्याच कोपऱ्यात पुढच्या पावसाळ्यात लव्हाळा उगवला. दुसऱ्या वर्षी तो निम्म्या रानात होता. कांद्यात लव्हाळा म्हणजे खुरपणीवर खुरपणी. त्या बाईंनी मला कधी दोष दिला नाही, त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही. मी मात्र त्या बांधावरून जाताना मान वर करत नसे.

लव्हाळा उपटून जात नाही, कारण त्याचा जीव जमिनीतल्या गाठींत असतो. रोटाव्हेटर गाठींची साखळी तोडतो, आणि तुटलेली प्रत्येक गाठ वेगळी फुटते. मल्चिंग पेपरलाही त्याचा कोंब भोक पाडून वर येतो. हराळीचंही तसंच, काशीचा बोटभर तुकडा पुरतो. गाजर गवताची नोंद तर आपल्याच जिल्ह्यात, पुण्यात, 1955 च्या सुमारास झाली, आणि आज देशात ते नाही असा रस्ता दाखवणं अवघड आहे. त्याचं बी वाऱ्याने जातं, पाण्याने जातं, चाकाच्या चिखलातूनही जातं. वारा आणि कॅनॉलचं पाणी आपल्या हातात नाही. चाक आहे.

शिवाय डोळ्याला न दिसणारं वेगळंच. डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी मातीतूनच सरकतात. हरभऱ्याची मर ज्या बुरशीने होते, ती पीक नसतानाही वर्षानुवर्षं मातीत तग धरते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या केळीच्या पट्ट्यात 2015 साली पनामा रोगाची घातक जात सापडली. तीही हरभऱ्याच्या मरीच्याच कुळातली बुरशी. तिथल्या शेतकऱ्यांनी फाटकावरच गाड्या धुण्याची सोय केली, कारण चिकटलेल्या मातीतून रोग दुसऱ्या बागेत जातो हे त्यांना पक्कं कळलं होतं.

तुला एवढं काही करायचं नाही. काम संपलं की त्याच रानात, बांधाच्या आत, थांब. माती ज्याची त्याच्याकडेच राहिली पाहिजे, नुसतं रस्त्यावर येऊन झटकलं तर काय उपयोग? पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, आणि उचललेल्या रोटाव्हेटरखाली लाकडी ठोकळा, त्याशिवाय पात्यांत हात घालायचा नाही. हे मात्र मी विनंती म्हणून लिहीत नाही. मग खुरपं किंवा लोखंडी पट्टी घेऊन आधी कोरडंच खरवड. काळी माती ओली असताना हाताला चिकटते, जरा सुकू दिली की खपल्या निघतात. टायरची नक्षी सगळ्यांना दिसते. रिमची आतली बाजू, मडगार्डखालचा थर आणि रोटाव्हेटरच्या पत्र्याचा आतला भाग माणूस विसरतो. पाचट, ठिबकची नळी, मल्चिंगचा कागद शाफ्टला गुंडाळला असेल तर कापून काढ, नाहीतर तो सीलपर्यंत जातो आणि तेल गळायला लागतं. तुझा बूटही झटक.

पाण्याने धुणं त्यानंतर. फवारणीचा एचटीपी पंप पुष्कळ झाला. रेडिएटरच्या जाळीवर जोराची धार मारू नकोस, पत्र्या वाकतात. धुतल्यावर ग्रीस भर. टायर काळे दिसावेत म्हणून डिझेल फासतात, तो नाद करू नकोस, रबर फुगून खराब होतं. आणि ट्रॅक्टर भीमेत घालून धुणं बंद कर. ते तेल, ते ग्रीस पुढे उजनीत जातं.

दिवसाची कामं लावतानाही बघ. स्वच्छ रान सकाळी, तणाचं शेवटी. आणि टायर भरून येत असतील तर मुळात रान वाफशावर नाही असं समज आणि मालकाला दोन दिवस थांबायला सांग. त्यात त्याचंही भलं आहे, ढेकळं निघणार नाहीत.

या सगळ्याला माझ्या हिशेबाने 20 मिनिटं लागतात. हप्ते डोक्यावर आहेत, सुगीत एकेक तास मोलाचा आहे, हे मला ठाऊक आहे. एकराच्या भावात थोडे पैसे वाढवून सांग आणि कशाचे ते शेतकऱ्याला समजावून सांग. कोणी घासाघीस केली तरी चाकं मात्र साफ करूनच नीघ. चौफुल्याच्या रस्त्यावर पडलेल्या चिखलावरून रात्री मोटारसायकल घसरते, तीही कुणाच्या तरी घरच्या पोराची असते.

सोमवारी खालच्या वावरात हरभऱ्याचं रान करायला ये. पारगावातच चाकं खरवड, मग पूल ओलांड.

तुझा,
मामा