फाटक बंद होण्याआधीचे अंतर

सोलापुरात अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीच्या केंद्रांवर पर्यवेक्षक म्हणून काम करताना या परीक्षेचे नियम मला कधी जाचक वाटले नाहीत. प्रवेशपत्र आणि ओळखपत्र ताडून पाहणे, मोबाइल बाहेर ठेवायला लावणे, भौतिक-रसायनशास्त्राची पहिली ९० मिनिटे संपेपर्यंत गणिताचा विभाग न उघडणे, या प्रत्येकामागे कारण आहे. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि पर्सेंटाइल त्या त्या सत्रातल्या मुलांशी तुलना करून निघतो. एका सत्रात ढिलाई झाली, तर तिथे प्रामाणिकपणे बसलेले प्रत्येक मूल मागे ढकलले जाते. तेव्हा केंद्राचे फाटक वेळेवर बंद झालेच पाहिजे. माझी तक्रार आहे ती त्या फाटकापर्यंतच्या वाटेबद्दल.

सकाळी ९ च्या सत्रासाठी साडेसातला हजर राहायचे असते. सोलापुरातल्याच सात रस्ता भागातल्या मुलाला हे सहज जमते. पण जिल्ह्यातल्याच करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. तिथल्या मुलीला मध्यरात्रीनंतर निघावे लागते किंवा आदल्या दिवशी येऊन राहावे लागते, तेही सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण, म्हणजे २०० पैकी १०० गुण शेवटच्या दीड तासात ठरतात. अपुरी झोप नेमकी तेव्हाच अंगावर येते. मग आपण मोजतो ते गणित की प्रवासाचा शीण? ‘आदल्या दिवशी या’ असे सांगणारे मुलीबरोबर येणाऱ्या आईबापाची बुडालेली मजुरी आणि लॉजचे भाडे हिशेबात धरत नाहीत. अंतराचा विचार करणे म्हणजे सवलत मागणे, असेही कोणी म्हणेल. पण लेखनिक घेणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याला तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळतात, ती मेहरबानी नव्हे. त्यावाचून त्याचे गुण खरे ठरणार नाहीत, हे आपण मान्य केले आहे.

लांबच्या मुलांना सरसकट दुपारचे सत्र द्यावे, हा उपाय मलाही आधी पटत होता. तो टिकत नाही. ग्रामीण मुले एका सत्रात आणि शहरी दुसऱ्यात गेली, की दोन्ही गट सारखे राहत नाहीत आणि पर्सेंटाइलचा पायाच हलतो. म्हणून सत्रांचे वाटप यंत्रानेच करावे, जवळ आणायचे ते केंद्र. पंढरपूर आणि अकलूजला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, बार्शीलाही जुनी महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी जागा भरल्याखेरीज त्या भागातल्या कुणाला सोलापूरला पाठवू नये. लहान गावात वीज जाईल, ओळखीपाळखीतून कॉपी होईल, ही भीती खोटी नाही. त्यावर जनरेटर आणि कॅमेरे बसवावेत, पर्यवेक्षक दुसऱ्या तालुक्यातले नेमावेत. अकलूजला जायला मी तयार आहे. पहाटेचा तो प्रवास माझ्यासारख्याने केला, तर कुणाचे गुण कमी होणार नाहीत.