लुकण सुकेपर्यंत

फौजेत पाहणी जवळ आली की चुना-गेरूला ऊत येतो. रंगाचा हात फिरला की सगळं नवं. खिडकीची काच मात्र लुकणाने टिकते, आणि लुकणाला घाई चालत नाही.

कोलकात्यातलं आमचं क्वार्टर जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. सागवानी खिडक्या, लहान लहान तावदानं. एप्रिलमध्ये कालबैसाखीच्या वादळात एक तावदान सुटून खाली वाटेवर फुटलं. रात्र होती म्हणून निभावलं; सकाळी तिथेच मुलं शाळेच्या बसची वाट पाहतात. सैल तावदानं उतरवून प्लायवूड ठोकलं आणि पक्कं काम पावसाळा संपून लाकूड वाळल्यावर, नोव्हेंबरअखेरीस काढलं.

भिंतीची सिमेंटची पुट्टी इथे कामाची नाही. लाकूड फुगतं-आकसतं, ती तडकते. सिलिकॉन पाणी अडवतं, पण त्यावर ऑइल पेंट धरत नाही. उरलं जुनंच : खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, कणकेसारखं मळलेलं. लोखंड तेल शोषत नाही, म्हणून लोखंडी खिडकीला वेगळी मेटल पुट्टी लागते.

मिस्त्रींनी खाच खरवडून आधी प्रायमर दिला. कोरं लाकूड तेल पिऊन टाकतं आणि लुकण भुसभुशीत होतं. मग लुकणाचा पातळ थर, त्यावर काच, बारीक चुका आणि बाहेरून उतरता काठ, पाणी ओघळून जावं म्हणून.

“आता रंग?” मी विचारलं.

“पंधरा दिवस थांबा, साहेब.”

१६ डिसेंबरच्या विजय दिवसाआधीची पाहणी नऊ दिवसांवर होती. पण जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते वरून आत घट्ट होत जातं. वर साय धरण्याआधी रंग दिला तर तो सुरकुततो. खालच्या वाटेवर उभी राहणारी मुलं आठवली आणि मी थांबायचं ठरवलं.

पाहणीला आलेल्या वरिष्ठांनी विचारलंच, “या खिडक्या अर्धवट का?”

“सर, लुकण सुकतंय. अंगठा दाबून पाहा.”

त्यांनी दाबला. ठसा उमटला. “ठीक आहे, रंग नंतर द्या,” म्हणाले आणि पुढे गेले.

ठसा उमटेनासा झाल्यावर रंग दिला. गावाकडचं घर दुरुस्त करणाऱ्या निवृत्त मित्रांनी एवढं लक्षात ठेवावं : रंग लुकणावरून काचेवर दोन मिलिमीटर यायला हवा. त्या बारीक रेघेनेच पाणी आत शिरायचं थांबतं. रंगारी ती रेघ नीटनेटकेपणासाठी पुसून टाकतात. पुसू देऊ नका.