लागू परवानगी

फोर्ट विल्यम कॉलेजच्या नावात किल्ला आहे, पण त्याचे वर्ग भरत ते रायटर्स बिल्डिंगमध्ये. लॉर्ड वेलस्लीने १८०० साली काढलेल्या या कॉलेजात विल्यम केरी बंगालीबरोबर मराठीही शिकवत. त्यांचं मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं आणि मोडी ठशांतला कोश १८१० साली. पंडित वैजनाथशर्मांसारखे जाणकार हाताशी नसते तर हे काम उभं राहिलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. अशा जुन्या छापील पानांचं स्कॅनिंग आणि देवनागरी लिप्यंतर चालू होतं, तिथे कोलकात्यात मी प्रोग्रामर होतो.

लिप्यंतर तपासायला पुण्याहून मोडीच्या एक जाणकार बाई आल्या होत्या. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात त्या उतरल्या होत्या आणि सकाळी सगळ्यांच्या आधी कामाला बसत. एकदा त्यांनी मला हाक मारली. ‘अरे, माझ्या नावापुढे वाचा आणि लिहा दोन्ही आहे म्हणतोस ना? मग माझी दुरुस्ती सेव्ह का होत नाही?’

प्रश्न रास्त होता. लिनक्समध्ये फाइलला मालक, गट आणि इतर अशा तीन परवानग्या असतातच. त्याखेरीज एखाद्या व्यक्तीला वेगळी मुभा द्यायची तर अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट, म्हणजे एसीएल, जोडतात. पण फाइलींच्या नेहमीच्या यादीत त्याची खूण म्हणून परवानग्यांच्या शेवटी फक्त एक अधिक चिन्ह दिसतं. कुणाला काय दिलंय ते त्यातून कळत नाही. म्हणून मी सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. ‘एसीएल_गेट_फाइल’ने यादी उचलायची, ‘एसीएल_टू_टेक्स्ट’ने तिचा मजकूर करायचा, छापायचा आणि ‘एसीएल_फ्री’ने जागा मोकळी करायची. हजारो फाइलींवरून फिरताना ही शेवटची पायरी गाळली तर मेमरी फुगत जाते.

मजकूर आला. बाईंच्या नावापुढे वाचन आणि लेखन, दोन्ही होतं. त्याखाली मास्कची ओळ होती आणि तिच्यात फक्त वाचन. उत्तर त्या ओळीत होतं. नाव घेऊन दिलेल्या परवानग्यांवर आणि गटाच्या परवानगीवर मास्क ही कमाल मर्यादा असते. कुणीतरी सगळ्या फोल्डरवर ‘सीएचमॉड’ ही परवानग्या बदलणारी आज्ञा चालवून गटाचं लेखन काढलं होतं. एसीएल जोडलेल्या फाइलीवर ती आज्ञा गटाची नोंद बदलत नाही, मास्क बदलते.

बाईंना हे समजावताना मला फोर्ट विल्यमच आठवला. माझा मावसभाऊ सैन्यात होता आणि पूर्व कमांडच्या त्या मुख्यालयात त्याच्यामुळे मला एकदा जाता आलं होतं. पासवर माझं नाव होतं, तरी आत कुठवर जायचं ते फाटकावरच्या त्या दिवसाच्या हुकमावर ठरलं. ‘म्हणजे पास खरा, पण चालतो हुकूम,’ बाई म्हणाल्या. अगदी तेच. (२०२४च्या अखेरीस त्या किल्ल्याला विजयदुर्ग नाव मिळालं, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून. मला त्याचा फार आनंद झाला.)

मग मी ‘एसीएल_टू_एनी_टेक्स्ट’ वापरलं. लिनक्सच्या लायब्ररीतली ही जादा सोय आहे. योग्य पर्याय दिला की जिथे दिलेली आणि लागू परवानगी वेगळी असते, तिथे ती ओळीशेजारीच लागू परवानगी लिहिते. पॉझिक्स या प्रमाणमालेच्या ज्या मसुद्यावर हे सगळं उभं आहे, तो १९९७च्या सतराव्या आवृत्तीनंतर पुढे सरकलाच नाही, प्रमाण म्हणून कधी मंजूर झाला नाही. तरीही आंद्रेआस ग्रुएनबाखर यांच्यासारख्यांनी तो लिनक्समध्ये नीट उतरवला. असं काम करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे.

पण परवानग्या दाखवणारी संगणकाची तीन-तीन अक्षरं बाईंनी का शिकावीत? यादीतली एकेक नोंद सुटी काढून, मास्कशी ताडून, मी सरळ मराठी वाक्यं छापायला लागलो: ‘लेखनाची परवानगी दिलेली आहे, पण मास्कमुळे सध्या लागू नाही.’ मास्क सुधारला आणि त्याच दिवशी बाईंच्या दुरुस्त्या सेव्ह झाल्या.

त्या मराठी अहवालातून आणखी एक गोष्ट वर आली, आणि मला ती जास्त गंभीर वाटते. काही फाइलींवर नावाऐवजी नुसता आकडा छापला जात होता. काम सोडून गेलेल्या माणसाचं खातं काढलं की नाव पुसलं जातं. यादीतला त्याचा क्रमांक मात्र तसाच राहतो. उद्या तोच क्रमांक नव्या माणसाच्या खात्याला मिळाला, तर जुन्याचे सगळे अधिकार न मागता त्याच्या हाती जातात. मी अहवालात अशा नोंदी सर्वांत वर आणल्या. बाई आणि मी एकेक फाइल पाहत बसलो. कोणता आकडा कुणाचा ते जुन्या हजेरीवरून त्या सांगत होत्या, मी नोंद काढत होतो.